दोरीआधीचा घास

सकाळचा व्यायाम रिकाम्या पोटी करावा की काहीतरी खाऊन, यावर माझं मत कुणी विचारू नये. आमच्या सोसायटीतल्या फिरायला जाणाऱ्या बायकांचे यावरून दोन तट आहेत. एक तट चहाचा घोटही न घेता निघतो, दुसरा केळं खाऊन. मी लहानपणी दोरीवरचा मल्लखांब करायचे हे त्यांना कुठून तरी कळलंय, त्यामुळे दोन्ही बाजू मला पंच नेमू बघतात. मी विषय बदलते. या विषयाशी माझा जो काही संबंध आहे तो मत्सराचा आहे, आणि तो चारचौघींत सांगण्यासारखा नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी डोंबिवलीत सहावीत होते. पश्चिमेला पत्र्याच्या छपराची एक व्यायामशाळा होती. तिथे सकाळी साडेसहाला मुलींचा वर्ग भरायचा. लोखंडी तुळईवरून सुती दोर खाली सोडलेला असायचा, खाली काथ्याची गादी. दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून वर चढायचं, कमरेला, मांडीला वेढे घ्यायचे आणि हात सोडून उलटं लटकायचं. वेढा पोटावर बसला की दोर पोट पिळून काढतो. म्हणून आमच्या बाईंचा नियम होता की वर्गाला उपाशी पोटी यायचं. अर्धा पेला पाणी चालेल, बाकी काही नाही. हजेरी घेतानाच त्या विचारायच्या, "काही खाल्लं?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात "नाही" म्हणायचो. वर्ग संपला की प्रत्येकीच्या ओंजळीत मूठभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा पडायचा. मी त्या हरभऱ्यांसाठी जगत होते म्हटलं तरी चालेल.

मला भूक अजिबात सहन व्हायची नाही. सूर्यनमस्काराच्या वेळी सगळीकडे शांतता असली की माझं पोट गुरगुरायचं आणि मागच्या रांगेतल्या मुली फिदीफिदी हसायच्या. दोरावर उलटी झाले की डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायचे. पण नियम म्हणजे नियम. आमच्या घरात नियम पाळण्याचं फार कौतुक होतं. पहाटे मी एकटीच उठायचे, कडी काढायचे आणि हळूच दार ओढून घ्यायचे. आई सहाला उठायची. उपाशी पाठवायचंच आहे तर लवकर उठून करायचं काय, असा तिचा साधा हिशोब होता.

आणि मग ती आली. खाडीकडच्या गावातली कोळ्यांची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याहून चार बोटं उंच. आम्ही तिला आपसात 'खाडीवरची' म्हणायचो. तिचे वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आई बाजारात मासळी विकायची. पहिल्याच दिवशी ती दोरावर सरसर चढली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. होडीचे दोर लहानपणापासून हातात असणार, दुसरं काय. वर जाऊन तिने खाली आमच्याकडे बघितलं आणि हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सोडून.

दोन-तीन दिवसांत मला तिच्या हाताला सुक्या मासळीचा वास आला. सुकट आणि तांदळाची भाकरी. म्हणजे बाईसाहेब जेवून येत होत्या! इथे मी पोट आवळून उभी, आणि ही आईच्या हातची गरम भाकरी खाऊन दोरावर चढणार, आणि वर टाळ्याही हिलाच. मी एक दिवसही वाट बघितली नाही. हजेरीला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाई, ही रोज जेवून येते."

बाईंनी तिला पुढे बोलावलं. ती जराही गडबडली नाही. म्हणाली, "आयचे संगती खाते, बाई. ती पहाटेची जाते ना, मंग दिसभर भेट नाय."

किती वाजता खातेस, म्हणून बाईंनी विचारलं. साडेचारला, ती म्हणाली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या की दोन तास झाले, तेवढ्यात अन्न खाली उतरतं, तुला चालेल. संपलं. ज्या नियमापायी मी वर्षभर चक्कर खात होते, तो तिच्यासाठी एका वाक्यात वाकला. वर बाई आम्हाला म्हणाल्या की ज्यांना साडेचारला उठून खायचं असेल त्यांनी खुशाल खावं.

मी त्या दिवशी घरी येऊन आईला म्हटलं की मलाही साडेचारला गरम पोळी करून दे. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "अगं, एवढ्या पहाटे कोण जेवतं?" एवढंच म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. मी रडले नाही, पण मला त्या मुलीच्या भाकरीपेक्षा तिच्यासोबत अंधारात बसून जेवणाऱ्या तिच्या आईचा जास्त हेवा वाटला. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही, उलट मत्सराला आणखी जोर चढला.

मग मी स्वतःच उद्योग केला. एका सकाळी डब्यातली शिळी पोळी साखर घालून गुंडाळली आणि सव्वासहाला रस्त्यातच खाल्ली. बाईंनी विचारल्यावर सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून "नाही" म्हटलं. दोरावर वेढा घेऊन उलटी झाले आणि पोळी जशीच्या तशी घशाशी आली. कशीबशी गिळली, खाली उतरले, आणि पोटात मुरडा आला म्हणून भिंतीला टेकून बसले. साडेचारला खाणं वेगळं आणि सव्वासहाला खाणं वेगळं, एवढा धडा त्या दिवशी मिळाला. तो मी कशासाठी वापरणार होते ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. सहा मुलींचा संघ जायचा. पाच जणी ठरल्या होत्या. सहाव्या जागेसाठी दोघीच उरल्या, मी आणि ती. रविवारी सकाळी बाई दोघींचा कसरतींचा संच बघून निवड करणार होत्या. मला ती जागा इतकी हवी होती की मी पाटीवर संघाची नावं लिहून त्यात सहावं माझं घालायचे आणि पुसायचे. सव्वा वर्ष उपाशी पोटी झिजले होते मी. ही बया तीन महिन्यांपूर्वी आलेली.

शनिवारी पौर्णिमा होती आणि आमच्याकडे सत्यनारायण. सव्वाच्या मापाचा शिरा. रवा, साखर, तूप सगळं सारखंच. शिरा हातात घेतला तरी तळवा तुपाने चकाकतो. रात्री आई उरलेला प्रसाद डब्यात काढून ठेवत होती आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही. प्रसाद नाकारला की पाण्यातली नाव जाते, ही गोष्ट पूजेला बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. तिचे वडील तर रोज पाण्यात. ती नाही म्हणूच शकणार नव्हती. मी आईला सांगितलं की मैत्रिणींना प्रसाद नेते. आईला कोण आनंद झाला! तिने डबा दाबून भरून दिला.

सकाळी व्यायामशाळेच्या दारात मी तिला गाठलं. डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "काल आमच्याकडे पूजा होती. हा तुझा प्रसाद. सगळा तुझाच."

तिने चपला काढल्या. उजव्या तळव्यावर शिरा घेतला, कपाळाला लावला. तिचे डोळे इतके खूश दिसले की क्षणभर मला डबा मागे घ्यावासा वाटला. घेतला नाही. खाता खाता ती थांबली. राहिलेला अर्धा शिरा हातातच ठेवून तिने हात माझ्यापुढे केला.

"परसाद एकटीनी नाय खावाचा. घे ना, तू पन."

मी म्हटलं, मी काल खाल्लाय. ती म्हणाली, काल खाल्ला तो कालचा. बाकीच्या मुली गोळा झाल्या होत्या. माझ्याच घरचा, माझ्याच आईने केलेला प्रसाद. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगायचं तर त्या नावेच्या गोष्टीला मीही घाबरत होते. मी तो अर्धा शिरा घेतला आणि खाल्ला. गिळतानाच पोटाला कळलं की आता काही खरं नाही.

हजेरीला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी वेणी घट्ट करू लागले. तिने मात्र सरळ सांगितलं की हिने परसाद दिला, दोघींनी खाल्ला. बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग म्हणाल्या की प्रसादाला कोण नाही म्हणणार, आणि माझं नाव पुकारलं. दोर चढायची पहिली पाळी माझी होती.

चढले ठीक. पहिले दोन वेढेही ठीक. कमरेला दोर गुंडाळून उलटी झाले, हात सोडले, आणि तूप, रवा, साखर सगळं एकदम वर आलं. मी कशी उतरले ते आठवत नाही. गादीच्या कडेला गुडघ्यांवर बसून मी ओकत होते आणि कुणीतरी माझी वेणी मागे धरून पाठीवरून हात फिरवत होतं. बाई असतील असं वाटलं. ती होती. तिने पाणी आणलं, स्वतःच्या ओंजळीने माझ्या तोंडावर मारलं आणि हळूच म्हणाली, "मीच तुना खावाला लावला. माज्यामुलं झाला."

तेव्हा मी बोलू शकले असते. मी खाली मान घालून बसले आणि तिला माफी मागू दिली.

त्यानंतर ती चढली. साडेचारची भाकरी आणि वर माझा शिरा, दोन्ही पोटात घेऊन ती उलटी झाली, हात सोडले आणि स्थिर राहिली. तोवर तिच्या ताकदीचं सगळं श्रेय मी भाकरीला देत आले होते. ती मुळातच माझ्याहून चांगली होती, हे मला त्या काथ्याच्या गादीशेजारी बसून बघावं लागलं. सहावी जागा तिला मिळाली. ठाण्याहून आल्यावर तिने स्पर्धेत मिळालेल्या खाऊच्या पुड्यातला अर्धा खाऊ माझ्यासाठी राखून आणला. मी तो घेतला आणि घरी जाऊन कचऱ्यात टाकला. पुढच्या वर्षी अभ्यासाचं निमित्त करून व्यायामशाळा सोडली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात माजिवड्याला राहत होते. मुलगी सहा वर्षांची झाली आणि शाळेजवळच्या मैदानात दोरीवरच्या मल्लखांबाचा वर्ग आहे म्हणून हट्ट धरून बसली. तिला घेऊन गेले. दोराखाली शिट्टी गळ्यात अडकवून उभी असलेली बाई वळली. ती होती. मी ओळख दाखवायच्या आत तिने मला मिठी मारली. पोरींशी ती आता पुस्तकी मराठी बोलत होती, माझ्याशी मात्र खाडीचीच. तिच्या वर्गाला तिने नियम घातला होता की उपाशी यायचं नाही, दोन तास आधी घरी कुणासोबत तरी बसून खाऊन यायचं. माझी मुलगी घरी येऊन रोज तिचंच नाव घ्यायची. बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. माझ्या स्वयंपाकघरात माझ्या पोरीच्या तोंडी तिचं कौतुक ऐकताना मी पुन्हा सहावीत जाऊन बसायचे.

मुलीच्या पहिल्या स्पर्धेच्या सकाळी मी मैदानावर गेले तेव्हा ती मुलींना रांगेत उभं करून एका छोट्या डब्यातून प्रत्येकीच्या हातावर बोटभर शिरा ठेवत होती. पहिल्या स्पर्धेआधी ती नेहमीच असं करते म्हणे. आणि सोबत एक गोष्ट सांगते. लहानपणी एकाच जागेसाठी दोघी लढत होत्या, आणि त्यातल्या एकीने निवडीच्या दिवशी आपल्या घरचा प्रसाद दुसरीसाठी आणला. इतकं मोठं मन तिने पुन्हा कुठे बघितलं नाही. गोष्ट संपवून तिने माझ्याकडे बोट केलं. वीस पोरी वळून माझ्याकडे बघू लागल्या. माझी मुलगी सगळ्यात पुढे होती. त्या नजरेने तिने माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

मी तिच्या बाईजवळ गेले. आता सांगून टाकायचं, तिला तरी, हळू आवाजात का होईना, असं ठरवून मी तोंड उघडलं. तिने हसत डब्यातला शेवटचा घास माझ्या तोंडात घातला.

मी तो खाल्ला. माझ्या आईच्या शिऱ्यापेक्षा चांगला झाला होता, आणि त्याचाही मला राग आला.