चीफच्या हॅमचे वार्निश

एका पदार्थासाठी सर्वांत जास्त माणसे राबवून तो सर्वांत कमी माणसांना खाऊ घालण्याचा मान सबंध रत्नागिरीत कुणाला द्यायचा झाला, तर तो आमच्या शेजाऱ्यांनाच द्यावा लागेल. पदार्थ म्हणजे नाताळचे हॅम. डुकराची अख्खी तंगडी, मिठाच्या पाण्यात मुरवलेली, उकडलेली आणि वरून गोड-आंबट लेप चढवून चकाकेपर्यंत भाजलेली. ती भाजताना आग सांभाळतात ते बेकरीवाले भाई, ज्यांच्या धर्मात हा प्राणी वर्ज्य. लेपाची चव पाहतो तो मी, ज्याने जन्मात अंडेही खाल्लेले नाही. आणि ज्यांच्या परसात हा सोहळा चालतो, त्या यजमानांना कशाचाच वास येत नाही. इंजिनाच्या धुरात नाक कामातून गेले, आणि त्याच्यामागोमाग जीभही खारट, आंबट, गोड एवढ्यावरच येऊन थांबली.

आळीत सगळे त्यांना 'चीफ' म्हणतात. खरे तर ते मालवाहू जहाजावर फिटर होते, चीफ इंजिनियर कधीच नव्हते. पण निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी आळीचाच ताबा असा काही घेतला की दुसरे नाव शोभले नसते. रविवारी चर्चमधून आले की कोट न काढता ते तेलाचा डबा घेऊन निघत आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल देत. परवानगी विचारण्याची त्यांची पद्धत नव्हती. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा पोथीचा तिसरा अध्याय चालू असताना ते पाना घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले, कुकरचा व्हॉल्व्ह उघडून साफ केला, परत बसवला आणि बाहेर येऊन गुरुजींना म्हणाले, "चालू द्या. शिट्टी खोकत होती, मला घरी ऐकवेना." मग प्रसाद घेऊन गेले. जाताना देवघराच्या दाराला तेलही देऊन गेले.

अशा माणसाच्या हाती हॅम पडले म्हणजे काय होईल, याची कल्पना यावी. नाताळच्या आधी ते सावंतवाडीला जाऊन तंगडी आणत. मासे भरायच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ती रेल्वेने यायची. शेजारचा प्रवासी हमखास विचारी, "काका, सुरमई काय?" चीफ गंभीरपणे सांगत, "त्याहून मोठी. हिला पाय असतो." घरी आल्यावर फ्रिजचे सगळे कप्पे काढून तिथे मिठाच्या पाण्याचा बुधला बसे आणि चीफचे दूध, भाजी नि औषधाच्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला येत. माझी सौ. फ्रिजचे दार जरा जोरात लावी.

भट्टी त्यांनी स्वतः परसात चिऱ्याची बांधली होती, कारण एवढी तंगडी मावेल अशी भट्टी फक्त भाईंच्या बेकरीत, आणि तिथे ती नेण्याचा विचारही चीफनी कधी केला नाही. पण आगीतले जे कळते ते भाईंना. म्हणून भाई दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, आमच्या बाजूला, खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत. "लाकूड मागे घे. दार उघडू नको रे, आग रुसते."

"आतमध्ये काय झालंय ते बघायला नको?" चीफ विचारत.

"मी आग बघतोय. आत काय ठेवलंयस ते मला सांगू नको. मला वाटतंय, केक आहे."

"केकला हाड असतं?"

"तुझ्या केकला असेल," भाई म्हणत आणि आणलेल्या नानखटाईचा डबा गडग्यावरून पुढे करत.

लेपाला चीफ 'वार्निश' म्हणत. गूळ, मे महिन्यात बाटलीत भरून ठेवलेला हापूसचा रस, कोकमाचे आगळ आणि वाटलेली मोहरी. त्यांच्या पत्नीचे हे वार्निश. ती माझ्या आईची मैत्रीण. आईसाठी तिने वार्निशाचे पातेले आणि डाव कायमचे वेगळे ठेवले होते, आणि दर नाताळला गडग्यावरून एक वाटी आमच्याकडे येई. चीफ तेव्हा बहुतेक समुद्रावर असत. तिच्या हातचे हॅम त्यांच्या वाट्याला मोजक्याच नाताळांना आले. ते निवृत्त होऊन आले आणि थोड्याच काळात ती गेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात चीफनी तेच वेगळे पातेले बाहेर काढले आणि वाटी माझ्यापुढे धरली. "तुझी जीभ तिच्या हाताखाली वाढली आहे. सांग."

मी म्हणालो, "बरं आहे."

पुढल्या वर्षीही मी "बरं आहे" म्हणालो. स्वभावाने मी असा की कुणाचा हिरमोड होईल असे बोलायची वेळ आली की शब्द आपोआप गुळगुळीत होतात. नंतर रात्री पडल्या पडल्या मी स्वतःची झडती घेतो, पण तेव्हा ऐकायला कुणी नसते. चीफना मात्र ते तेव्हाच कळे. "तुझं 'बरं' म्हणजे बिघडलेल्या गेजचा काटा," ते वैतागून म्हणत. "प्रेशर किती का असेना, हा आपला मध्यावर."

खरा निवाडा मात्र माझा नव्हताच. तो करणारी व्यक्ती सावंतवाडीहून येई: चीफची थोरली मेहुणी, निवृत्त शिक्षिका. ती तिथेच राहते, मग तंगडी तिलाच का आणायला सांगत नाही, असे मी एकदा विचारले. "न्यायाधीशाने मुद्देमाल उचलून आणायचा नसतो," चीफ म्हणाले. बहिणीच्या हाताची चव नेमकी ठाऊक असलेली तीच एक उरली होती, आणि ती चव पुन्हा नाताळच्या टेबलावर यावी, एवढीच चीफची इच्छा होती.

नाताळच्या दुपारी टेबलाच्या एका टोकाला भाई आणि मी, पाव आणि आमच्याच घरून आलेली डाळिंब्यांची उसळ घेऊन. दुसऱ्या टोकाला हॅम: वरच्या चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या रेघा, प्रत्येक चौकटीत एक लवंग, आणि वार्निश असे की खिडकी त्यात दिसावी. मेहुणीबाई एक पातळ काप घेत, सावकाश चावत, पाणी पीत आणि म्हणत, "जमूक नाय. फुडच्या वर्साक बघू." कधी गोड जास्त, कधी मोहरी कच्ची. चीफ मान डोलावत आणि हसतमुखाने उरलेले हॅम आळीच्या टोकाच्या दोन ख्रिस्ती घरांत वाटून येत.

मग एका वर्षी मी वाटी तोंडाला लावली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "चीफ, आंबट कमी आहे. काकूंचं आधी आंबट लागायचं. मोहरी मागून यायची, घसा सोडता सोडता."

चीफ गडग्यापलीकडे ओरडले, "भाई, काटा हलला." आणि आगळाची बाटली घ्यायला आत गेले.

त्या दुपारी मेहुणीबाईंनी काप तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेले नव्हते. मग दुसरा काप घेतला, जो त्यांनी आजवर कधी घेतला नव्हता. भाईंनी मान खाली घालून उसळीत पाव बुडवला. तो संपवून त्या म्हणाल्या, "लवंग जास्त झाली. जमूक नाय." मग, प्रत्येक शब्द सांभाळून ठेवल्यासारखा, "फुडच्या वर्साक बघू."

संध्याकाळी आम्ही दोघे त्यांना गाडीत बसवायला गेलो. त्यांच्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेले चार काप होते; ते बांधताना मी त्यांना पाहिले होते, चीफनी नाही. गाडी हलली. फलाटावर चीफनी माझा हात धरला. इतकी वर्षे यंत्रांचे आवाज ऐकून दोष ओळखणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू तिचा चेहरा बघत होतास. जमलं होतं का रे?"

खरे बोलायला मी त्याच दिवशी शिकलो होतो. तरी म्हणालो, "लवंग थोडी जास्त झाली असावी."

त्या उत्तराचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही, आणि पश्चात्तापाच्या कामात मी सहसा कुचराई करत नाही. चीफनी गाडी गेली त्या दिशेला पाहिले. त्यांना कळले की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण हात सोडताना तो त्यांनी एकदा दाबला. "मग एक लवंग कमी करू," ते म्हणाले.

तेव्हापासून दर नाताळला ते एक लवंग कमी लावतात. वार्निश तेच, आंबट आधी, मोहरी मागून. मेहुणीबाई आता काठी टेकत येतात, दोन काप खातात आणि तोच निवाडा देतात, म्हणजे पुढच्या नाताळला पुन्हा येणे आलेच. रेघांमधल्या रिकाम्या चौकटी दर वर्षी थोड्या वाढलेल्या दिसतात. शिल्लक लवंगा किती, हे आम्ही कुणी मोजत नाही. परवा चीफ आमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवून गेले. सौ.ने दार अगदी हळू लावले.