विक्कीचं पाचवं गाणं

घंटा अर्धीच उजळली होती. चिंचेचा कोळ चोळून चोळून भूमेश्वरीने तिची एक बाजू पिवळीधमक केली होती, दुसरी अजून काळपट होती. परातीत निरांजन, पळी, पंचपात्री भिजत पडली होती. दुपारचे दोन वाजत आले होते. तिचे यजमान पुरनलाल जेवून धानाच्या बांधीकडे गेले होते, आणि जाता जाता टोमणा मारून गेले होते, "आज शुक्रवार ना? तरीच भाजीत मीठ नवतं."

शुक्रवारी नवी गाणी येतात, हे तिला चार वर्षांपूर्वी शेजारच्या विक्कीने सांगितलं होतं. तोवर तिला भजनं आणि लग्नातली गाणी सोडून काही ठाऊक नव्हतं. विक्की हा लालसिंग आणि जमुनाबाईंचा एकुलता मुलगा. लग्नवरातीत साउंड लावायचा आणि घरी लॅपटॉपवर स्वतःची गाणी बनवायचा. फोन घेऊन तिच्या ओसरीवर येऊन बसायचा. "काकी, हे आयक." गाणं संपलं की एक शब्द बोलायचा नाही. मनात तीन आकडे मोजायचा आणि मग विचारायचा, "कसं वाटलं?"

आणि भूमेश्वरी सांगायची. मनापासून सांगायची. रोज वहीत रामनामाच्या अकरा ओळी लिहून झाल्या की खाली दिवसाची नोंद करायची तिची जुनी सवय होती. त्या नोंदींत शुक्रवारी गाणी येऊ लागली. तारे-बिरे तिला जमत नव्हते, ती तुळशीची पानं काढायची. पाच पानं म्हणजे सर्वांत वर.

"परदेशी बाईचं सोल गाणं. शब्द एक कळला नाही. बाई स्वतः रडत नाही, आपल्याला रडवते. दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेते, तो ऐकावा. पाच पानं."

"इंडी म्हणतात ते. पोरगा असा गातो, जणू बाजूच्या खोलीत त्याची आई झोपली आहे. फारच आवडलं. साडेचार. अर्धं पान गिटार मध्ये मध्ये बोलते म्हणून कापलं."

"डान्स. वाजतं त्यापेक्षा थांबतं तेव्हा जास्त नाचावंसं वाटतं. थांबणं कळणारा माणूस दिसतो. मी उभ्या उभ्या पोळी करपवली."

विक्की ही वही वाचून हसायचा. म्हणायचा, "काकी, साऱ्या दुनियेत तुयं एकटीचंच मत पक्कं."

मे महिन्यात सडक अर्जुनीजवळ हायवेवर त्याची गाडी घसरली. सव्वीस वर्षांचा होता.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी त्याचं नवं गाणं आलं.

भूमेश्वरीच्या हातातून फोन पडला होता. तिची मुलगी रुचिका नागपूरला शिकते. तिने फोनवर समजावून सांगितलं, "मम्मी, गाणी आधीच देऊन तारखा टाकून ठेवता येतात. त्याने पाच टाकली आहेत, मला सांगितलं होतं, दर महिन्याला एक. तारीख आली की आपोआप येतील. घाबरू नको."

भूमेश्वरी घाबरली नव्हती. घाबरायचं कारणच काय? ते गाणं ऐकून उलट तिचं मन भरून आलं होतं. त्यात तिच्या घरचे आवाज होते. हापशीचा कण्हता दांडा, सुपातून सळसळणारे तांदूळ, आणि सांजेच्या आरतीतली हीच घंटा. कधीतरी ओसरीवर बसून त्याने हे सारं फोनमध्ये भरून घेतलं होतं. जुलैत दुसरं आलं, ऑगस्टात तिसरं, सप्टेंबरात चौथं.

शेजारी मात्र ही गाणी काट्यासारखी रुतली होती. लालसिंगने विधीचा दिवस ठरवला, की जमुनाबाई मोडायच्या. "ज्याचं गाणं अजून येऊन राहिलं, त्याले मेला कसा म्हणू?" परवा तर त्यांनी परसातल्या कुंपणाजवळ भूमेश्वरीचा हातच धरला होता. "बाई, शुक्रवारी शेवटचं येईल. तुले कान आहे. जुनंच असंल तं जुनं म्हण, मी सोमवारी विधीले हो म्हणीन. पण त्यात काई नवं आयकू आलं, तं माया पोरगा जित्ता आहे. मंग मी कोणाले हात लावू देणार नाई."

म्हणून आज भूमेश्वरीने देवाची भांडी घासायला घेतली होती. हात कामात असले की मन जागेवर राहतं. तिने फोन पाट्यावर उभा केला आणि पाचवं गाणं लावलं.

आधी पाणी ऐकू आलं. चोरखमाऱ्याच्या तळ्याच्या मोरीतून कालव्यात पडणारं पाणी, ते तिने लगेच ओळखलं, गावच तळ्याच्या बांधाखाली आहे. त्याखाली एक ठोका सुरू झाला, सावकाश, अनवाणी पावलांसारखा. मग विक्कीचं गुणगुणणं. शब्द नाहीत, नुसती गुणगुण. अंगणात ऊन भकभकत होतं, पण तिच्या दंडावर काटा उभा राहिला. तुळशीजवळ झोपलेला कुत्रा उठला, ओसरीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहू लागला आणि शेपूट हलवू लागला. विक्की बसायचा तोच तो कोपरा.

मग घंटा वाजली.

ठण्ण, आणि मागे बारीकशी खर्र.

भूमेश्वरीने हातातल्या घंटेकडे पाहिलं. कोळाने माखलेल्या काठावर केसासारखी चीर होती. तिने हलकेच घंटा हलवली. ठण्ण. खर्र.

तिने हात पुसले, वही काढली. पानं उलटताना बोटं ओली असल्याने शाई पसरत होती. नोंद सापडली. यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. "मांजरीने देव्हाऱ्यातून घंटा पाडली. चीर गेली, आवाज बसला. देवा, क्षमा कर." पोळा तर पावसाळ्याच्या शेवटी. विक्की उन्हाळ्यात गेला. तिने जूनचं गाणं पुन्हा लावून पाहिलं. त्यातली घंटा खणखणीत होती, आरपार जाणारी. तीच घंटा, आवाज दोन.

तिने रुचिकाला फोन लावला.

"मम्मी, कॉम्प्युटरवर आवाज बदलता येतो. त्याने मुद्दाम फाटका केला असेल."

"फाटका केला असंल गं. पण माया घंटेची चीर कॉम्प्युटरले कशी माईत?"

रुचिका म्हणाली, "तू बाबांना बोलवून घे."

भूमेश्वरीने पुरनलालना बोलावलं नाही. तिने पाचवं गाणं पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. घंटा आणखी एकदा वाजली, मग ठोका विरला, पाणीही थांबलं. वाटलं, संपलं. पण फोनमधलं गाणं अजून चालूच होतं. त्यात आता नुसता कोणाचा तरी श्वास होता. एक. दोन. तीन. मग बंद.

कोणीतरी तिच्या मताची वाट पाहून थांबलं होतं.

"आयकलंस?"

ती दचकली. जमुनाबाई परसदारातून आत आल्या होत्या. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या.

भूमेश्वरीच्या जिभेवर शब्द तयार होता: जुनंच आहे, बाई. एवढं म्हटलं की सोमवारी विधी होईल, पोर सुटेल, आई सुटेल. रामाचं नाव घेणाऱ्या माणसाने एवढं खोटं बोललं तर देव समजून घेईल. पण गाण्याबद्दल ती आजवर खोटं बोलली नव्हती. आणि विक्कीच्या गाण्याबद्दल तर नाहीच.

"बसा," ती म्हणाली. "यात एक नवीन आहे." आणि तिने सारं सांगितलं. मांजर, चीर, वही, जूनचं गाणं. शेवटी घंटाच जमुनाबाईंच्या हातात दिली.

जमुनाबाईंनी ती वाजवली. मग गाणं लावायला सांगितलं. गाण्यात ठण्ण खर्र झालं, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. भूमेश्वरी मनात म्हणत होती, आता ही म्हणेल पोरगा जित्ता आहे, आणि हिला आवरणार कोण.

"तं तो बाहेरच आहे," जमुनाबाई हळू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी त्याले घरात घेतलं नाई. पाच महिने. मंग जाईल कोठी? तुया घरी येऊन बसला. चहाची सवय होती ना तुया हातच्या." त्या हसल्या, आणि त्या हसण्यानेच रडू फुटलं. "मेल्यानं घंटा आयकून आयकून शिकून घेतली वं."

"मले वाटलं, विधी केला तं तो जाईल म्हणून तुमी अडून राहिल्या."

"मलेबी तसंच वाटे. रडण्यात अक्कल कोठी राहते?" त्यांनी नाक पुसलं. "तुमच्यात वाटेले लावत असतील. आमच्या घरात तसं नाई. आमी माणसाले परत आणतो. तळ्यावर जायचं, नाव घेऊन हाक मारायची, पाण्यात मडकं बुडवायचं. पाण्यासंग जे जित्तं येईल, मासोळी म्हण, किडा म्हण, तो आपला माणूस. त्याले घरी आणून देवात बसवायचं. मायी सासू अशीच आली. इवलुशी, लांब मिशांची झिंगी होती, मडक्यात सारखी उड्या मारे. अगदी तीच."

कुत्रा कोपऱ्याजवळ जाऊन आता निवांत पसरला होता. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"सोमवारी ही घंटा घेऊन येशील तळ्यावर?" जमुनाबाईंनी विचारलं. "आमच्यात घंटा नसते. पण हिचा आवाज तो ओळखते."

"येईन ना. कायले नाही येणार?"

"आन् चीर बुजवू नको तोवर."

"नाही बुजवत."

जमुनाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. "गाणं कसं आहे पण? तुले कसं वाटलं ते सांगितलंच नाई."

भूमेश्वरीने रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने, वाचून दाखवावं तसं सांगितलं, "आजवरचं सगळ्यात चांगलं. ठोका पायात नाही, छातीत लागतो. गाणारा एक शब्द बोलत नाही अन् सगळं कळतं. परदेशी बाईपेक्षा वर. घंटा मात्र एकदाच वाजवायले पाहिजे होती, दोनदा वाजवून लाडात आला. तरी पाच पानं." तिने वही उघडून पाचही पानं काढली, आणि कधी नव्हे ते खाली सहावं छोटं पान काढलं.

ओसरीवर जराही वारा नव्हता. देव्हाऱ्यातल्या हाराचं एक फूल तेवढं खाली पडलं.

"लालसिंगभाऊ कोठी आहेत?" तिने विचारलं.

"नातलगायले सांगाले गेले. मीच पाठवून देली होती सकाळी, मनात काय आलं कोणास ठाऊक. मडकं मात्र आणाचंच राहिलं. कोरं लागते."

"मी आणीन," भूमेश्वरी म्हणाली.

तिने परातीतली भांडी तशीच भिजत ठेवली, अर्धी उजळलेली घंटा देव्हाऱ्यात परत टांगली, पदर खोचला आणि कोरं मडकं आणायला कुंभारटोलीकडे निघाली.