न तुटलेला पूल

कुठलीही वस्तू हातात आली की बाई ती आधी उलटी करून बघत. एका दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर त्यांनी चकली उचलली, उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "सोऱ्याची चकती झिजलीय हो तुमच्या. एका बाजूचे काटे बघा, बोथट." चकली चवीला कशी झाली होती, ते सांगायचं राहूनच गेलं.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. आमच्या मांडवीत या बाई होत्या, आमच्या घरासमोरच. सगळी नोकरी तंत्रनिकेतनात शिकवण्यात झाली, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून रविवारी सकाळी सहावी-सातवीतली पोरं पडवीत जमवून त्यांना इंजिनिअरिंग शिकवू लागल्या. फी नव्हती. प्रयोगाला लागेल ते आपापल्या घरून आणायचं, विकत काही आणायचं नाही, एवढी एकच अट.

या अटीने आमच्या आळीतल्या बायकांना जेरीस आणलं. रविवारी कुणाच्याही स्वयंपाकघरात काही जागेवर सापडत नसे. रिळाची कप्पी झालेली, नरसाळं तिसऱ्याच कामाला लागलेलं. एकदा एकीची आई कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली.

"बाई, पोरीने चाळण नेलीन माझी! आता पीठ काय पदराने चाळू?"

"आत तरी या. तुमची चाळण काय काम करतेय ते बघा."

ती आत गेली ती पोरांबरोबर वाळू चाळत बसली. त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला दुपार टळली.

पण बाईंचा जीव होता तो हिरांच्या पुलात. केरसुणीचे हीर दोऱ्याने बांधून पोरं पूल करायची, तो दोन स्टुलांवर टेकवायची आणि मधोमध करवंटी टांगायची. मग करवंटीत जांभ्याचा एकेक खडा. पूल तुटेपर्यंत. कडकन आवाज झाला की टाळ्या पडत, आणि ज्याचा पूल तुटला तो मान वर करून सांगे की कुठला सांधा गेला. "न तुटलेला पूल काही शिकवत नाही," हे बाईंचं ब्रीद. शेवटचा पूल मोडला की दडपे पोहे, आणि शाळा सुटली.

पोरं नववीत गेली की यायची बंद होत, ते बाईंनी धरलेलंच होतं. पण पुढे सातवीपासूनच क्लास लागले आणि त्यांच्या परीक्षा नेमक्या रविवारी. पडवी हळूहळू रिकामी झाली. बाई मात्र कुणाला बोलवायला गेल्या नाहीत. त्यांचा स्वभावच ताठ. मी एकदा म्हटलं, "मी सांगू का त्यांच्या आयांना?" तर म्हणाल्या, "मुलं काय वर्गणी आहे, मागून आणायला?"

शेवटी एकच मुलगी उरली. बाप मच्छीमार बोटीवर, पोर हुशार. तिलाही आठवीला सावर्ड्याला मावशीकडे ठेवायचं ठरलं. तिच्या शेवटच्या रविवारी मी पोह्यांवर घालायला ओलं खोबरं घेऊन गेले होते, म्हणून पुढचं पाहिलं.

पूल सुरेख झाला होता. करवंटी अर्धी भरली तरी हलेना. बाई खडे ठेवत होत्या, पण दर वेळी आधीच्यापेक्षा लहान निवडून. मग नुसते कण. पुलाचा एक हीर बारीक कुरकुरला आणि बाईंनी हात मागे घेतला.

"बाई, मोठा ठेवा की."

"राहू दे गो आज."

"पण मग कुठे तुटतो ते कसं कळणार?"

"चांगला झालाय तुझा पूल. एवढं कळलं तरी पुरे."

मुलगी हिरमुसली. तिला शाबासकी नको होती, तिला पूल मोडून बघायचा होता. बाईंनीच तर शिकवलं होतं तसं! पूल मोडला नाही म्हणून पोहे वाढले जाईनात, आणि पोह्यांशिवाय उठायचं कसं, म्हणून ती बसून राहिली. बाई तिला काहीबाही सांगत राहिल्या, आगबोटीचं, कपाट उचलण्याच्या युक्तीचं. उन्हं पडवीतून निघून गेली तेव्हा तिची आई हाका मारत आली. मला बाईंकडे बघवेना.

त्यानंतर रविवारी मी कधी निवडायची भाजी, कधी बिघडलेला लायटर घेऊन जाऊ लागले. बाई लायटर उलटा करून हसत. "हा चालतोय हो. तुम्ही मुद्दाम आणलात." तरी दुरुस्त करत बसत. माझा मुलगा मुंबईला, घरात मी एकटी. कोण कुणासाठी जात होतं, ते देव जाणे.

मग बाई न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. भाचा चांगला आहे. खोली दिली, देखभालीला एक बाई ठेवली. मी रविवारी फोन करायची.

"इथे नातीला खोक्यातून यंत्रमानव आणलाय," एकदा सांगत होत्या. "उघडायचा नाही म्हणे, खराब होतो. घरात टाकाऊ असं काहीच नाही हो. एक मी सोडले तर." आणि हसल्या.

मी हसले नाही. म्हटलं, "बाई, परत या."

"कोणासाठी?"

उत्तर मला ठाऊक होतं. पण आमच्या पिढीला असलं काही तोंडाने बोलायची सवय नाही. मी चाचरले, आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बरं, ठेवते. गोळीची वेळ झाली."

पुढच्या रविवारी मी वाक्य मनाशी पक्कं करून फोन लावला. तो नातीने घेतला. "आजी गेली," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मी तिची समजूत घातली, फोन खाली ठेवला आणि दारात येऊन बसले. समोर बाईंच्या पडवीला कुलूप होतं. आळीत कुणी नव्हतं.

"माझ्यासाठी या," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.