पाटीतलं खालचं पापलेट

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर कृष्णकांत ताम्हाणे राहतात. ते ब्लॉग लिहितात ही बातमी त्यांनी प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन दिलेली आहे. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे त्यांनी वीस वर्षं कंटेनरची कागदपत्रं तयार केली. लोक किती भयंकर लिहितात हे त्यांना तिथे कळलं. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आता महाराष्ट्राला लिहायला शिकवायचं. महाराष्ट्राने काही मागणी केली नव्हती, पण काका मागणीची वाट बघणाऱ्यातले नव्हेत. 'सोपं लिहा' नावाचा ब्लॉग मी त्यांना उघडून दिला, त्यामुळे पापात माझाही वाटा आहे.

दर एकतीस डिसेंबरला ते 'यंदा सर्वाधिक वाचले गेलेले पाच लेख' अशी यादी लिहायचे. पहिल्याच वर्षी अव्वल लेखाला दोनशे बारा वाचनं मिळाली आणि काकांनी मला पेढे दिले. मग माझ्या लक्षात आलं, की कुणी आलं का हे बघायला काका दिवसातून दहादा स्वतःच तो लेख उघडतात आणि यंत्र त्यांनाही मोजतं. मी ते बंद केलं. आकडा बावीसवर आला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पेढे मात्र परत मागितले नाहीत.

दोन हजार अकरा साली मात्र नवल घडलं. दिवाळीच्या सुमारास त्यांनी 'बघायला शिका' हा लेख टाकला. लेखकाने कसं बघावं, तर गंगाबाई मासा बघते तसं, असा त्याचा मुद्दा होता.

गंगाबाई करंजाची कोळीण. पहाटे बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी घेऊन नवीन पनवेलला यायची. आमच्याकडे तिचे वार ठरलेले होते: बुधवार, शुक्रवार, रविवार. काकांकडे बारा वर्षांचा रतीब. काकी गेल्यावरही तो चुकला नाही. दाराशी पाटी उतरवायची, अर्धा कप चहा घ्यायची, आणि काकांना मासे निवडायला शिकवायची. पापलेट कल्ल्यापाशी दाबायचं, पांढरं पाणी आलं तर ताजं, लाल आलं तर राहू द्यायचं. हे सगळं काकांनी लिहिलं, आणि फार सुरेख लिहिलं, हे मला नाखुशीने कबूल करावं लागतं.

पण शेवटच्या परिच्छेदात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. गंगाबाई पाटीत वर कालची मासळी ठेवते आणि खाली, ओल्या गोणपाटाखाली, आजची. खालची फक्त आपल्या माणसांसाठी. सोबत तिचं नाव, गाव आणि येण्याचे वारही दिले. तपशील अचूक हवा, हा काकांचा नियमच होता.

तो लेख इमेलवरून असा फिरला, की महिन्याभरात सहा हजारांवर लोकांनी वाचला. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीने तो छापायला मागितला. काका जिन्यातून छाती काढून उतरू लागले. इकडे बिल्डिंगमधल्या बायका गंगाबाईला म्हणू लागल्या, वरचं राहू दे, खालचं काढ. प्रत्येक जण मासे दाबून दाबून परत टाकायचा. समोरच्या सोसायटीत तर ती शिळं विकते असंच पसरलं. बिचारीला कळेना, की पनवेलकरांना एकाएकी काय झालं.

मग ती काकांच्या दारी यायची थांबली. काका म्हणाले, मार्गशीर्ष चालू आहे, गिऱ्हाईक कमी असेल. मार्गशीर्ष संपला. पंचवीस डिसेंबरच्या रविवारी ती आली, पहिल्या मजल्यापर्यंत चढली आणि तिथूनच उतरून गेली. काका ताट घेऊन दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी पिठलं केलं, आणि मला येऊन विचारलं, "कीर्ती, माझं काही चुकलंय का गं?" बारा वर्षं जिच्याशी घरच्यासारखं बोलत आलो ती आता परत येणार की नाही, या विचाराने त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी, तीस तारखेला, ते सकाळपासून ताट घेऊन खाली पार्किंगमध्येच जाऊन उभे राहिले. मी वर्षाची उरलेली रजा संपवत घरी होते, म्हणून पिशवी घेऊन मीही गेले. गंगाबाई आली. तिने पाटी उतरवली आणि काकांकडे न बघताच सांगितलं, की तिच्या नातीने, सोनमने, कॉलेजातल्या संगणकावर लेख वाचला आणि घरी येऊन तिला सगळा सांगितला.

"बारा वरसं तुला खालचा मावरा दिला," ती म्हणाली. "घरचा मानूस म्हनून दिला. आनि तू गावभर सांगितलास."

काका म्हणाले, की त्यांनी तर कौतुकच केलं होतं.

"वरचा कालचा हाय, खरा हाय. पन तो जातो कुठं, कदी इचारलास?"

काकांनी कधी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं. फेरी संपली की ती वीटभट्टीवर जाते आणि वरची मासळी तिथल्या बायांना स्वस्तात देते, कालची आहे असं सांगून देते. त्या बाया रश्श्यासाठी तिची वाट बघत असतात. हल्ली दाबून दाबून त्या मासळीचा लगदा होतो, आणि भट्टीवर न्यायची तिला लाज वाटते.

'ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारा' हा 'सोपं लिहा'वरचा तिसरा लेख होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

"चुकलं माझं, गंगाबाई," काका म्हणाले. "आजच काढून टाकतो."

"काड नायतर ठेव, तुजा तू बघ." तिने पाटीतलं अगदी वरचं पापलेट उचललं आणि त्यांच्या ताटात ठेवलं. "आजपासना तुला ह्योच."

वर आल्यावर मी म्हटलं, काका, शेवटचा परिच्छेद तेवढा काढू, पुरवणीत छापून येतोय, जन्मात एकदाच मिळतं असं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, लेख काढायचं बटण कुठलं ते दाखव. मी दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने ते दाबलं. पुरवणीलाही छापू नका म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी यादी आली. तिच्यात लेखांची नावं दोन ते पाच या क्रमांकांपुढेच होती. पहिल्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: 'हा लेख मी न विचारता लिहिला होता. तो काढला आहे. तुमच्यापैकी कुणी दारावरच्या कोळणीकडे वरचं-खालचं करत असेल, तर कृपा करून थांबा.' ही यादी एकोणीस जणांनी वाचली.

जानेवारी, फेब्रुवारी काकांनी वरचीच मासळी खाल्ली. गंगाबाई पुन्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊ लागली होती, पण चहा नको म्हणायची. काका लसूण जरा जास्त घालायचे आणि कालवण झकास झालंय असं मला मुद्दाम ऐकवायचे. मलाही ते तसंच खावं लागलं.

शिमगा झाल्यावरच्या एका बुधवारी मी त्यांच्याकडे लेख टाइप करत बसले होते. गंगाबाईने पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "च्या हाय काय?" काका लगबगीने आत गेले आणि घाईत पूर्ण भरलेला कप घेऊन आले. चहा संपवून तिने गोणपाटाखाली हात घातला.

ती गेल्यावर काका मासा ताटात घेऊन बसले. मग त्यांनी कल्ल्यापाशी अंगठ्याने हलकेच दाबलं. पांढरं पाणी आलं. त्यांचे डोळेही भरून आले होते.

"लिहायचं का यावर?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ते म्हणाले, आणि आधी हळद मीठ लावायला उठले.