अकरा वर्षं नवीन

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बोचकं उचलून निघालेल्यांनो,

मी निघालो तेव्हा एसटी एका अंगाला कलली होती. आईने दिलेल्या पोह्यांचं आणि कुळथाच्या पिठाचं ओझंच तेवढं होतं. कंडक्टरने बाकी सगळ्यांना पलीकडे बसवून तोल सावरला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. लग्नाला एक महिना झालेली सुलभा फणसाखाली उभी होती. रडली नाही. म्हणाली, "परमनंट झालात की न्यायला या." बाबांचा उपदेश वेगळा: "थंय सगळे इंग्रजी बोलतत. तू आपलो गप रव आणि मान हलय."

विक्रोळीत दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही चौदा गाववाले. एकाने कूस बदलली की तेराजणांना बदलावी लागे. कारखाना मात्र ऐसपैस, आणि तिथलं इंग्रजी त्याहून. आम्हाला ते कुणी शिकवलं नाही, आम्ही भोगून शिकलो. 'अर्जंट' म्हणजे साहेब विसरला होता, आता तू धाव. 'ॲडजस्ट कर' म्हणजे तुझं होतं ते गेलं. 'स्टाफ' म्हणजे ज्यांच्या कॅन्टीनला पंखा आहे ते. 'परमनंट' म्हणजे गावाहून बायको आणता येते. आणि 'ब्रेक' म्हणजे सात महिने भरले की घरी बसवायचं, मग दीड महिन्याने नव्या नंबरचं कार्ड देऊन नवीन माणूस म्हणून पुन्हा घ्यायचं. खोलीतले सर्वांत वडील भिकाजीकाका असे अकरा वर्षं नवीन होते.

ब्रेकच्या आधी इंग्रजी कागदावर सही घेत. हजेरी मांडणारा टाइमकीपर म्हणे, "फॉर्मॅलिटी आहे रे, मार सही." पहिल्या वेळी मी बाबांचं ऐकलं. मान हलवली, सही मारली. दुसरा ब्रेक जवळ आला तेव्हा सुलभाचं पत्र आलं, एका ओळीचं: "परमनंट म्हणजे नक्की कधी?"

उत्तर काय लिहिणार, कपाळ? त्या दिवशी ठरवलं, आता मान हलवणं बंद. तो कागद काय म्हणतो ते कळल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

टाइमकीपरच्या टेबलावरचा एक कोरा फॉर्म मी भाकरीच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. गेटवर वॉचमनने डबा उघडायला लावला. आत सकाळचा उरलेला बांगडा. तो तीन पावलं मागे सरला आणि मी कुर्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं मनात हसलो.

शेजारच्या खोलीत कमलताई राहायची. साताऱ्याकडची, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला. लग्नानंतर, दोन पोरं सांभाळून मॅट्रिक झालेली. तिने फॉर्म आधी मनात वाचला. मग म्हणाली, "सगळे बसा." आणि मराठीत सांगितलं: मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे. माझं कंपनीकडे काहीही मागणं नाही.

भिकाजीकाका बोटं मोजत होते. "पंधरा वेळा," ते म्हणाले. "पंधरा वेळा राजीखुशीन सोडलंय मी? आणि माका पत्तोच नाय!"



"सही नाही केली तर कायमचं काढतील यार," एकजण म्हणाला.

"मग करा ना सही," कमलताई म्हणाली. "पण आधी वर खरं लिहा. मराठीत. लाजायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तेराजणांनी कागदावर ठसठशीत लिहिलं: 'मी नोकरी सोडत नाही. मला काम हवं आहे.' खाली सही. चौदावा ताप आल्याचं सांगून झोपून राहिला. त्याचा ताप आजही उतरला नाही म्हणतात. टाइमकीपर आपलाच मराठी माणूस. त्याने पहिला कागद वाचला, काकांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि गठ्ठा साहेबापुढे सरकवला. साहेब परप्रांतातला, नवा.

"ये क्या लिखा है?"

"फॉर्मॅलिटी है, सर."

साहेबाने तेराच्या तेरा कागदांवर शिक्का हाणला आणि मान हलवत सह्या ठोकल्या.

ब्रेक मिळालाच. पण त्या कागदांच्या नकला टाइमकीपरने आम्हाला दिल्या, आणि त्या घेऊन आम्ही लेबर ऑफिसचे जिने तीन वर्षं चढलो. इतके, की पायऱ्या झिजून एक मजला कमी झाला. सुलभा तेवढं थांबली नाही. एका सकाळी ट्रंक घेऊन दारात उभी. "तुमचं व्हायचं तेव्हा होईल. मी आलेय." कमलताईने आपल्या खोलीत साडीचा पडदा बांधून आम्हाला अर्धी जागा दिली. त्या पडद्याआड आम्ही निकालाची वाट पाहिली, आणि निकाल आमच्या बाजूने लागला. भिकाजीकाका परमनंट झाले तेव्हा रिटायर व्हायला आठ महिने उरले होते. आठही महिने ते कार्ड खिशाला बाहेरून लावून हिंडले.

आता नाहूरला दोन खोल्या आहेत. गावात अजून विचारतात, "घराक कधी येतंस?" येतो म्हणतो, जातोही. पण परवा धाकट्या लेकीच्या लग्नात नोंदणीचा कागद पुढे आला, तेव्हा ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. व्याही घामाघूम, पंगत खोळंबलेली. गावचे पाहुणे ओरडले, "गो, सही कर मगे!"

सुलभाने त्यांच्याकडे खुर्च्या सरकवल्या. "बसा," म्हणाली, "आमच्या घरात आधी वाचतात."