महालक्ष्म्यांच्या डोक्यावरचं तळं

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमच्या थोरल्या लक्ष्मीच्या मुकुटावर छतातून पाण्याचा एक थेंब पडला. तो आधी बायकोला दिसला.

"अवं, गळायलंय," ती म्हणाली.

"घाम असंल," मी म्हणालो.

छताला घाम येतो असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो होतो. ते ऐकून आई पुरणाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि वर बघत उभी राहिली. तेवढ्यात दुसरा थेंब पडला, तो वर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंजीवर.

भादव्यातले हे तीन दिवस आईचा सगळा जीव लक्ष्म्यांत गुंतलेला असतो. पहिल्या दिवशी त्यांना घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या आणि पुरणपोळीचं जेवू घालायचं, तिसऱ्या दिवशी बोळवण. आणि मधे काही झालं तरी त्यांना जागेवरून हलवायचं नाही. कारण बोळवण करतानाच त्यांना जरा हलवतात. हलवल्या म्हणजे निघाल्या.

"दोन हात पलीकडं सरकवू का?" मी भीत भीत विचारलं.

"सरकव की. जेवायच्या आधी घराबाहेर काढ त्यांला. अन मलाबी सरकव त्यांच्यासंगं, पार मसनवट्यापत्तुर."

म्हणजे लक्ष्म्या तिथंच राहणार आणि कोरड्या राहणार, हे ठरलं. कसं ते माझ्यावर सोपवण्यात आलं.

गळण्याचं कारण या घरात फक्त मला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी सणाची साफसफाई निघाली होती. बायकांनी घरातली गोधडी न गोधडी धुतली आणि माझ्या वाट्याला वरची गच्ची आली. लिंबाची पानं, उन्हाळ्यात वाळवलेल्या ज्वारीचा भुसा, कुरड्यांचा चुरा, पारव्यांची घाण, सगळं मिळून दोन टोपली भरली असती. ती टोपली घेऊन जिना उतरायचा मला कंटाळा आला. कोपऱ्यात पावसाचं पाणी जायला पाइपचं तोंड आहे. सगळा केर मी खराट्यानं त्यात लोटला, वरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि खाली येऊन चहा मागितला. गच्ची चकाचक झाली म्हणून बायकोनं कौतुक केलं. मी ते निमूट घेतलंही. आणि आता आदल्या रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता.

पूजेसाठी नेसलेल्या रेशमी कदातच मी वर गेलो. गच्चीवर घोट्याएवढं पाणी साचलं होतं. पाइपच्या तोंडात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. मग पालथा पडून खांद्यापर्यंत घातला, तेव्हा गाल पाण्याला टेकला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. मूठभर उपसून बघितलं. ज्वारीला चांगले बोटभर मोड आले होते. शेतात पेरून माझी ज्वारी इतकी कधी उगवली नाही.

"लागलं का काई हाताला?" आईचा आवाज खालून आला.

"पारव्यानं घरटं केलंय!"

"पाइपात?"

"पाऊस हाय ना, म्हणून!"

मग आईनं पारव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पारव्याच्या वतीनं मी तो ऐकून घेतला.

नंतर मी लोखंडी गज आणला. पाइप जिथं खाली वळतो तिथं तो अडायचा. मी ठोकत राहिलो. जितका ठोकावा तितका गाळ घट्ट बसत होता, हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास लागला. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, ही गोष्ट इथं सांगायची काही गरज नव्हती.

एवढ्यात झरीहून दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या घरचे जावई. त्यांच्या शेतात बोअर आहे, त्यामुळं जगातल्या कुठल्याही पाइपबद्दल त्यांना सगळं कळतं. त्यांनी अंगणात मोटारसायकल लावली, रेनकोट काढून ठेवला, आतला पांढरा कडक इस्त्रीचा सदरा झटकला आणि वर बघून म्हणाले, "मेव्हणे, वरून ठोकून उपेग न्हाई. गाळ खालून सैल करावा लागतो."

"दाजी, तुमी कशाला? बसा की आत."

"बसायचंच हाय दिवसभर."

पाइपचं खालचं तोंड भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर आहे. दाजींनी कुठून तरी वेळूची काठी पैदा केली आणि खालून ढोसायला सुरुवात केली. ते खालून, मी वरून. आमचा असा ताल जमला की हा घोळ मीच घातलाय याचा मला विसर पडला. मग दाजींची काठी थांबली. उजेड दिसतो का ते बघायला त्यांनी वाकून डोळा पाइपला लावला होता. हे मला वरून दिसत नव्हतं. मी दोन्ही हातांनी गज उचलला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून हाणला.

पाइपानं मोठी गुळणी केल्यासारखा आवाज काढला. माझ्या पायाजवळचं पाणी गरगर फिरलं आणि तळं खाली चाललं. मी आनंदानं ओरडलो.

कठड्यावरून वाकून बघितलं, तर दाजी होते तिथंच उभे होते. पांढरं असं त्यांच्या अंगावर काही उरलं नव्हतं. त्यांनी शांतपणे मिशीतली कुरडई काढली, मग खिशातून चार काड्या काढल्या, त्या नीट निरखल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"मेव्हणे, तुमच्याकडचे पारवे खराटा वापरायलेत व्हय?"

दारातून बायको बघत होती. कौतुक परत घेतात तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी मी छाती काढूनच जिना उतरलो. काम तर झालं होतं. खोलीच्या दारात आलो आणि थांबलो. आई पाटावर उभी होती. वडिलांची जुनी काळी छत्री दोन्ही हातांनी धरून, दोन्ही लक्ष्म्यांवर पुरेल अशी पुढं झुकवून. तिच्या स्वतःच्या पाठीवर पाणी ठिबकत होतं.

"पाणी गेलं," मी म्हणालो.

"मंग हे काय टपकायलंय?"

दाजी आंघोळ करून माझी लुंगी गुंडाळून आले आणि म्हणाले, स्लॅबनं पाणी पिलंय, ते सांजेपर्यंत गळणारच. म्हणजे मी वर गेल्यापासून आई अशीच उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई, लक्ष्म्यांच्या नैवेद्याआधी पाण्याचा घोटही घेत नाही. तरी छत्री हलत नव्हती. मला माझी खरंच लाज वाटली. मी पुढं झालो, तशी ती ओरडली, "शिवू नको! आधी आंघोळ कर!"

आंघोळ करून मी छत्री घेतली. आरती माझ्याशेजारी झाली, नैवेद्य दाखवला गेला, दाजी पोटभर जेवले. दुपारी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. एकजण लक्ष्म्यांना हळदकुंकू वाहून मागं सरली आणि बायकोला म्हणाली, "यंदाचा देखावा लय झकास हाय." दुसरीनं फोटो काढताना मला सरळ उभं राहायला सांगितलं. मी राहिलो. खांदे भरून आले होते आणि पुरणाच्या वासानं पोटात खड्डा पडला होता.

चार वाजता छत्रीवरची टपटप मंदावली. आई ताट घेऊन आली. तुपात भिजलेल्या पोळीचा घास करून तिनं माझ्या तोंडाशी धरला. माझे केस निम्मे पांढरे झालेत. बाया बघत होत्या. मी मुकाट्यानं आ केला.

"तू जेवलीस का?" मी घास गिळून विचारलं.

"लक्ष्म्यांवर पाणी पडायलंय, अन मी कशी जेवू?"

"आता न्हाई पडायलं."

तिनं छताकडं बघितलं, मग छत्रीकडं, मग बराच वेळ कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही. तिनं दुसरा घास केला. मी परत तोंड उघडलं, पण तो तिनं उभ्या उभ्याच स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली.