गाळेकाकांचा दुसरा चहा

रिकाम्या गाळ्यात शिरलं की गाळेकाका आधी चहा मागवत. खिडक्या, पाणी, संडास हे सगळं नंतर. टपरीवरून चहा गरम आला तर भाडं चढं, कोमट आला तर उतरतं. "गिराईक चहावाल्यापेक्षा आळशी असतं. चहा थंड होतो तिथं ते चढतच नाय," असं ते सांगत. पेणमध्ये ऑफिसला गाळा हवा असला की लोक त्यांनाच गाठत.

त्यांचं स्वतःचं ऑफिस म्हणजे टपरीचं बाकडं. "रोह्यात भाडं कंपनीच्या गेटाकडं बघून ठरतं, पेणात कोर्टाकडं," हे मी तिथेच शिकले. गणपतीच्या मोसमात मूर्तींचे साचे जिन्यात येतात का, हेही ते आधी विचारत.

मी तेव्हा नवी वकील होते. कोर्टासमोरचा एक गाळा मनात भरला होता, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि रोह्याच्या मालकीण नलूताई तळमजल्याएवढं भाडं मागत होत्या. तेवढं मला झेपणारं नव्हतं. गाळा हातचा गेला असता तर मी पुन्हा पनवेलला सिनियरच्या फायली उचलत बसले असते.

नलूताई आल्या, काकांनी चहा मागवला, आणि तो नेमका वाफाळता आला. वर नवं गिऱ्हाईक येतंय या आनंदात चहावाला दत्ता धावत जिना चढला होता.

"हाय ना गरम? मग भाडं तेच," नलूताई म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

काकांनी निवांत कप संपवला. "दत्ता, अजून एकेक आण."

या खेपेला दत्ता प्रत्येक मजल्यावर दम खात आला. चहावर साय धरली होती.

"पहिला चहा पाहुण्याचा, ताई. भाडं दुसऱ्यावर ठरवायचं." नलूताईंनी सायीकडे बघितलं आणि भाडं उतरवलं.

पुढे काकांचे गुडघे गेले. तरी रोज सकाळी खालून हाक यायचीच, "वकीलबाई, चहा पोचला का गो?" ती हाक गेल्या वर्षी थांबली. मला अजून तिची सवय सुटलेली नाही.

परवा नलूताई भाडं वाढवायला आल्या. आता इमारतीला लिफ्ट बसली आहे. मी वाद घालायच्या तयारीत होते, पण आधी चहा मागवला. गरम आला. दुसरा मागवला. तोही गरम.

"मान्य," मी म्हटलं.

नलूताईंनी पदराने डोळे टिपले. "काका असते तर त्यांनी तुझ्यासाठी तिसरा मागवला असता गो."

मग त्यांनीच दत्ताला फोन लावला.